यावलचे चार दिवस

बाजारगावात नवखा माणूस फार वेळ नवखा राहू शकत नाही. शहरात नव्या माणसाला ‘आपण काय करता?’ असे विचारतात. गावात विचारतात, ‘कोणाकडे आलात?’ पहिल्या प्रश्नाचे उत्तर खिशातल्या कार्डावर छापलेले असते. दुसऱ्याचे उत्तर देण्यासाठी त्या गावात आपले म्हणावे असे कोणीतरी असावे लागते. पुण्याहून यावलला आलेल्या एका प्रवाशाला हा प्रश्न पहिल्याच दिवशी सात-आठ वेळा विचारला गेला आणि प्रत्येक वेळी तो अडखळला. ज्यांच्याकडे तो आला होता त्यांची नावे त्याच्या पिशवीत होती; ती माणसे हयात आहेत की नाहीत, हे मात्र त्याला ठाऊक नव्हते.

हा प्रवासी पंचेचाळिशीचा, संगणक क्षेत्रात नोकरी करणारा. त्याच्या आजोबांचे यावलच्या पेठेत धान्याचे दुकान होते. मारवाडातून खानदेशात आलेल्या आणि दोन-तीन पिढ्या एकाच पेठेत काढून पुढे पुण्या-मुंबईकडे सरकलेल्या अनेक जैन घराण्यांपैकीच हे एक. १९७२ च्या दुष्काळात दुकान बसले आणि कुटुंबाने गाव सोडले. वडिलांच्या निधनानंतर घर आवरताना ट्रंकेच्या तळाशी लाल कापडी वेष्टनाची एक खातेवही सापडली. पहिल्या पानावर संवत् २०२८ होते. अक्षर महाजनी वळणाचे असल्यामुळे ते एका वृद्ध नातलगाकडून वाचून घ्यावे लागले. जवळजवळ सगळी पाने ‘नावे’ बाजूची, म्हणजे उधारीची होती. शेवटची तीन पाने मात्र ‘जमा’ बाजूची निघाली. एका शेतकऱ्याचे ४०० रुपये, एका तडवी बाईचे ८५ रुपये आणि एका पिंजाऱ्याचे ६० रुपये. तिन्ही खाती उघडी होती. रकमा परत केल्याची नोंद कोठेही नव्हती.

त्या काळी दुकानदाराकडे पैसे ठेवणे ही काही नवलाची गोष्ट नव्हती. १९ जुलै १९६९ रोजी चौदा बँकांचे राष्ट्रीयीकरण झाले खरे, पण बँकेची पायरी खेड्यातल्या माणसाला आपली वाटू लागायला त्यानंतर बरीच वर्षे जावी लागली. तोवर पेठेतला ओळखीचा दुकानदार हीच अनेकांची बँक होती. हंगामाचे चार पैसे त्याच्याकडे ठेवायचे आणि लग्नकार्याला, आजारपणाला मागून घ्यायचे. पावती नसे, साक्षीदार नसे. वहीतली एक ओळ आणि दुकानदाराची जबान एवढाच काय तो आधार. वडिलांनी त्या तीन पानांविषयी घरात कधी अवाक्षर काढले नव्हते. पण वही टाकूनही दिली नव्हती. प्रवाशाने यावलला यायचे ठरवले ते एवढ्याच कारणासाठी.

यावलला रेल्वे नाही. भुसावळला उतरून एस.टी.ने तापी ओलांडावी लागते. तेथून वीसेक किलोमीटर. पूल मागे पडला की दोन्ही बाजूंना केळीच्या बागा सुरू होतात आणि उत्तरेला सातपुड्याची निळसर रांग सतत सोबत करते. एकोणिसाव्या शतकात लोहमार्ग आला तो तापीच्या दक्षिणेकडून, आणि पुढे खांडव्याकडे वळला तो सावदा-रावेरच्या बाजूने. भुसावळ जंक्शन झाले, यावल रस्त्यावरचे गाव राहिले. अंकलेश्वर-बऱ्हाणपूर मार्ग गावातून जातो. चोपडा, यावल, फैजपूर, सावदा, रावेर ही सगळी बाजारगावे या एकाच रस्त्यात मण्यांसारखी ओवलेली आहेत. तालुक्याचे ठिकाण म्हणून यावलला कचेऱ्या आल्या, कोर्ट आले, शाळा-महाविद्यालये आली. गावाचे मन मात्र अजूनही पेठेतच आहे.

पहिला दिवस त्याने नुसते पाहण्यात घालवला. गावात निंबाळकरांचा जुना किल्ला आहे. शिंद्यांच्या अमलात हा मुलूख निंबाळकरांकडे आला, त्या काळाची ती खूण. महर्षी व्यासांचे मंदिर आहे. व्यासांची मंदिरे मुळात थोडी, त्यामुळे गुरुपौर्णिमेला येथे दूरदूरचे भाविक येतात. १८८० च्या खानदेश जिल्हा गॅझेटिअरात यावलची ओळख आहे ती मात्र दोन धंद्यांनी : हातकागद आणि नीळ. दोन्ही आता नाहीत. गिरणीच्या कागदाने हातकागद मागे पडला. आणि १८९७ मध्ये जर्मनीतल्या कारखान्याने कृत्रिम नीळ बाजारात आणल्यावर हिंदुस्थानातील निळीची शेती काही वर्षांतच आटली. ज्या गावात कागद बनत होता आणि रंग बनत होता, त्या गावात आज एखाद्या जुन्या कागदावरची फिकट ओळ घेऊन माणूस हिंडत होता.

आजोबांच्या दुकानाची जागा त्याला संध्याकाळी सापडली. तेथे आता मोबाईलचे दुकान होते. दगडी ओटा तेवढा जुना राहिला होता. शेजारच्या किराणा दुकानातले वयोवृद्ध गृहस्थ बराच वेळ त्याच्याकडे पाहत होते. पेठ त्यांना ‘नाना’ म्हणते. शेवटी त्यांनीच विचारले,

“कोनाचे भाऊ तुम्ही?”

त्याने आजोबांचे नाव सांगितले. नाना काही क्षण बोलले नाहीत. मग त्यांनी नोकराला चहा सांगितला आणि आतली खुर्ची बाहेर मांडायला लावली. दुसऱ्या दिवशी सकाळपर्यंत पेठेतल्या निम्म्या दुकानांना बातमी कळली होती की धान्यवाल्या शेठजींचा नातू आला आहे आणि सोबत वही घेऊन आला आहे.

ही बातमी कळण्याचा एक परिणाम असा झाला की वसुलीच्या भीतीने काही चेहरे थोडे कठोर झाले. ‘नावे’ बाजूच्या पानांवर अनेकांच्या आजोबांची नावे असणार, हे पेठेला न सांगता समजत होते. नानांनी सगळ्यांसमक्ष विचारले, “घ्यायला आलात की द्यायला?” प्रवासी म्हणाला, “द्यायला.” त्या एका शब्दाने त्याचे पुढचे काम निम्मे सोपे झाले. शेतकऱ्याच्या घराचा पत्ता त्याला दहा मिनिटांत मिळाला. शिवाय सोबत यायला एक मोटारसायकलवाला तयार झाला.

ते घर गावापासून चार-पाच किलोमीटरवर, केळीच्या मळ्यात होते. वहीतला शेतकरी केव्हाच गेला होता. त्याचा मुलगा आता सत्तरीचा, सगळे त्याला ‘आबा’ म्हणत. आबांनी पाहुण्याला आधी बाग दाखवली. पैशांची गोष्ट आल्या-आल्या काढायची नसते, हा इकडचा शिष्टाचार. जून-जुलैत लावतात ती मृगबाग, ऑक्टोबरच्या सुमारास लावतात ती कांदेबाग. थंडी कडक पडली की पानांवर आणि घडांवर तिचा चरका बसतो. उन्हाळ्यात पारा पंचेचाळीस अंशांच्या घरात गेला की बागेभोवती वाऱ्याला आडोसा करावा लागतो. जळगावच्या केळीला २०१६ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले, हे आबांना पाठ होते. पण त्यांच्या बोलण्यात मानांकनापेक्षा पाणीच अधिक येत होते. वडिलांच्या वेळी विहिरीत दिसणारे पाणी आता बोअरवेलच्या खोल पोटात गेले आहे. यावल-रावेर भागातील भूजलाचा उपसा पुनर्भरणाच्या पुढे गेला आहे, ही गोष्ट सरकारी अहवाल आकड्यांनी सांगतात; आबांनी ती पाइपांच्या लांबीवरून सांगितली.

मग ओसरीवर वही उघडली गेली. आबांनी वडिलांच्या नावाची ओळ बोटाने चाचपली. लिपी त्यांनाही येत नव्हती. प्रवाशाने व्याजाचा हिशेब काढून आणला होता, तो पुढे केला. आबांनी तो कागद बाजूला ठेवला आणि विचारले, “आमचं दुसरं पान काय म्हनते?” कारण त्या घराचे दुसरेही पान होते. ‘नावे’ बाजूला, दुष्काळाच्या महिन्यांत उचललेल्या ज्वारीचे. एकदा नव्हे, पाच वेळा. वसुलीची नोंद तेथेही नव्हती.

“मंग व्याज कशाचं लावता?” आबा म्हणाले. “मी तेव्हा अठरा वर्षांचा होतो. तुमच्या आजोबांची ज्वारी आली म्हनून आमची चूल पेटली. मुद्दल तेवढं द्या, बापाचं खातं बंद करा.”

त्यांनी शंभराच्या चार नोटा घेतल्या आणि पाहुण्याच्या हातून वहीतली ती ओळ आपल्यासमोर खोडून घेतली. निघताना ते हसत म्हणाले, “तुमच्या आजोबांनी बावन्न वर्षांनी का होईना, मानूस धाडला. मागल्या सालची आमची केळी भरून नेलेला व्यापारी अजून फोन उचलत नाही.”

हे हसण्यावारी नेण्याजोगे नव्हते. केळी हा नाशवंत माल; घड कापला की थांबता येत नाही. ट्रक भरून उत्तरेकडे निघून जातो आणि पैसे अनेकदा मागाहून येतात. त्यामुळे आजही हा सगळा व्यवहार फोनवरच्या शब्दावर आणि कागदाच्या चिठ्ठीवर चालतो. बँका आल्या, मोबाईलवरून पैसे जाऊ लागले, तरी बाजारगावाचे मूळ भांडवल बदललेले नाही. ते म्हणजे पत. पत वर्षानुवर्षे साठते आणि एका हंगामात बुडते.

त्या संध्याकाळी खानावळीत जेवणाचा प्रश्न आला. लसूण-कांद्यावाचून खानदेशी स्वयंपाक पुढे सरकत नाही, शेवभाजीपासून भरतापर्यंत. प्रवासी सूर्यास्तापूर्वी जेवणारा. खानावळीच्या मालकीणबाईंनी फार चौकशी केली नाही, “बट्टी चालेल ना?” एवढेच विचारले आणि दिवस मावळायच्या आत बिनलसणाचे वरण व तुपात बुडवलेली बट्टी समोर ठेवली. राजस्थानची दाल-बाटी आणि खानदेशचे वरण-बट्टी या दोन ताटांत अंतर किती थोडे आहे, हे त्या दिवशी त्याच्या लक्षात आले. आजोबांच्या पूर्वजांना हा मुलूख परका का वाटला नसावा, याचे एक उत्तर त्याच्या ताटात होते.

त्या रात्री लॉजच्या खोलीत त्याने वही पुन्हा पहिल्यापासून पाहिली. आबांच्या एका प्रश्नाने तिचा अर्थ उलगडला होता. दुष्काळाच्या वर्षी ‘नावे’ बाजू महिन्यागणिक वाढत गेली होती. दुकानात विकत घ्यायला कोणाकडे पैसा नव्हता आणि उधार मागणाऱ्यांना नाही म्हणवत नव्हते. अशा वेळी ते धान्य आले कोणाच्या पैशातून? स्वतःचे भांडवल संपल्यावर दुकानात उरले होते ते तीन ठेवीदारांचे पैसे. बँकेचा व्यवहार याहून निराळा नसतो : एकाची ठेव दुसऱ्याचे कर्ज होते, आणि कर्ज फिटले नाही तर ठेव बुडते. आबांच्या घरी जमाही होती आणि नावेही. तेथे दोन्ही बाजू एकमेकींत मिटल्या. उरलेल्या दोघांच्या नावावर उधारी मात्र एका दाण्याचीही नव्हती. म्हणजे त्यांच्या पैशाने इतरांच्या चुली पेटल्या होत्या. आजोबांचे औदार्य खरे होते. पण ते पूर्णपणे स्वतःच्या पैशावर केलेले नव्हते.

तिसऱ्या दिवशी आठवडे बाजार होता. “तडवी बाईचं गाव सातपुड्याच्या पायथ्याला आहे,” नानांनी सांगितले होते, “पण जायची गरज नाही. त्या गावची मानसं बाजाराला येतात, तेव्हा माझ्या ओट्यावर टेकल्याबिगर राहत नाहीत.” सकाळपासून रस्ते भरू लागले. भाज्यांचे ढीग, भरताची हिरवी वांगी, मिरच्या, मातीची भांडी, विळे-कोयते, दोरखंड, तयार कपडे. डोंगरपट्ट्यातून तडवी आणि पावरा कुटुंबे उतरत होती. आणलेले विकायचे आणि त्याच पैशातून मीठ-मिरची, तेल, कापड घेऊन दिवस मावळायच्या आत परतायचे, हा त्यांचा क्रम. ज्या डोंगरातून ती येतात तेथेच १९६९ मध्ये घोषित झालेले यावल अभयारण्य आहे. पर्यटकाला अभयारण्य दिसते. बाजाराला त्या रानातून येणारी माणसे दिसतात.

दुपारी नानांनी हाक मारली. ओट्यावर साठीच्या पुढची एक बाई बसली होती. वहीतल्या बाईची ती मुलगी. नानांनी तिला काय ते सांगून ठेवले होते. तिने वही पाहिली नाही. तिला ती रक्कम तोंडपाठ होती.

“पंच्याऐंशी,” ती म्हणाली. “माझ्या लग्नाच्या चांदीचे. मायनं दोन साल साठवले होते. आम्ही आलो तं दुकानाला कुलूप.”

प्रवाशाच्या खिशात हिशेबाचा कागद होता. सहा टक्के साध्या व्याजाने बावन्न वर्षांचे मिळून ३५० रुपये होत होते. चक्रवाढीने १,७६० च्या आसपास. कालपर्यंत त्याला चक्रवाढीचा आकडा उदार वाटत होता. बाईच्या त्या एका वाक्यानंतर दोन्ही आकडे त्याच्या तोंडून बाहेर पडेनात. नानांनी त्याला बाजूला घेतले. “व्याज बँकेच्या पैशाला असते,” ते म्हणाले, “हा पैसा चांदीचा होता. त्या सालात तेवढ्यात काय आलं असतं ते पाहा.” समोरच्या सराफाने जुना भाव आठवून सांगितले की पंच्याऐंशी रुपयांत साधारण दीडशे ग्रॅम चांदी आली असती. आजच्या भावाने ती बारा-तेरा हजारांची होत होती. प्रवाशाने तेरा हजार रुपये आणून बाईसमोर ठेवले.

तिने नोटा उचलल्या आणि मोजल्या. मग पुन्हा एकदा मोजल्या, अगदी भर बाजारात माल विकून पैसे मोजतात तशा. कमरेच्या पिशवीत ठेवल्या. आभार मानले नाहीत, आशीर्वादही दिला नाही. तिने फक्त विचारले, “शेठ परत का नाही आले?”

याचे उत्तर प्रवाशाजवळ नव्हते. लाजेमुळे, असे म्हणता आले असते. पण ते आजोबांच्या वतीने त्याने कसे म्हणावे? तो गप्प राहिला. बाईनेही उत्तराची वाट पाहिली नाही. तिला तेल घ्यायचे होते, आणि परतीची गाडी गाठायची होती. ती उठून गर्दीत गेली. आपण दान दिलेले नाही, कोणाचे होते ते त्याला दिले, ही गोष्ट तिच्या त्या दोनदा मोजण्याने जितकी स्पष्ट झाली तितकी ती कोणत्याही आशीर्वादाने झाली नसती.

चौथा दिवस पिंजाऱ्यासाठी होता. गाद्या-दुलयांसाठी कापूस पिंजत गावोगाव फिरणारा माणूस. वहीत त्याचे नुसते पहिले नाव आणि पुढे ‘पिंजारी’. नानांना तो आठवत होता, त्याच्या धनुकलीचा आवाजही आठवत होता. घर कोठे होते तेही सांगता आले. पण ते घर पडून तेथे दुसरे उभे राहिले होते. शेजाऱ्यांनी सांगितले की मुले कामासाठी सुरतेकडे गेली, त्याला तीस-पस्तीस वर्षे झाली असतील. कोणाकडे पत्ता नव्हता, फोन नव्हता. प्रवासी मशिदीजवळच्या जुन्या वस्तीत फिरला. फैजपूरला कोणी नातलग असल्याचे ऐकून तेथेही जाऊन आला. डिसेंबर १९३६ मध्ये जवाहरलाल नेहरूंच्या अध्यक्षतेखाली काँग्रेसचे खेड्यातले पहिले अधिवेशन भरले ते हेच फैजपूर, यावल तालुक्यातले. एके काळी देशभरातून आलेल्या हजारो माणसांना सामावून घेणाऱ्या त्या गावात त्याला एका पिंजाऱ्याचा माग लागला नाही.

यंत्रमागाच्या आणि फोमच्या गाद्यांच्या काळात जो धंदाच उठून गेला, त्या धंद्यातला माणूस नोंदीत तरी कोठे सापडणार? शेतकऱ्याला जमीन असते, म्हणून त्याचा वारस सापडतो. डोंगरातल्या बाईला तिचे गाव आणि तिचा बाजार असतो, म्हणून तीही सापडते. ज्याच्याजवळ हातातल्या कसबाखेरीज काही नव्हते, त्याचा ठावठिकाणा त्या कसबाबरोबरच पुसला गेला. तीन ठेवींपैकी सर्वांत लहान ठेव त्याची, आणि परत करायला सर्वांत अवघड तीच.

साठ रुपयांच्या बदल्यात एखाद्या संस्थेला देणगी द्यावी, असे पेठेत एकाने सुचवले. नानांना ते पटले नाही. देणगी कितीही मोठी दिली तरी ती देणाऱ्याच्या नावावर लागते, आणि हे पैसे देणाऱ्याचे नाहीत, असे त्यांचे म्हणणे पडले. प्रवाशानेही ते मानले. आपला फोन नंबर त्याने नानांच्या दुकानात, जुन्या वस्तीतल्या चहावाल्याकडे आणि फैजपूरच्या एका गादीवाल्याकडे लिहून ठेवला.

चार दिवसांत त्याचे यावल पाहून झाले असे म्हणता येणार नाही. आडगावजवळची मनुदेवी राहिली, पालचे रान राहिले. पण गावात जाता-येता त्याला आता कोणी ‘कोणाकडे आलात?’ असे विचारीत नव्हते.

पुण्याला परतल्यावर दिवाळीत त्याने घरी एक नवी वही आणली. घरात दुकान नाही, वहीपूजनाची प्रथाही वडिलांच्या काळातच मागे पडली होती. मुलीने विचारले की हिशेब सगळा मोबाईलवर असताना ही कशाला. त्याने पहिल्या पानावर, स्वतःला येणाऱ्या साध्या देवनागरीत, एकच ओळ लिहिली : यावलचे पिंजारी, जमा, मागील बाकी रुपये ६०. मग ती कोणाची, कोठली आणि ती का द्यायची आहे, हे त्याने मुलीला बसवून सांगितले.